आंबेमोहरचा संकर: वास आला, उंची घटली, पण भात निम्मा मऊ आणि निम्मा टणक

पवनाकाठ

नमस्कार मंडळी. संकर असा आहे: आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ च्या वंशातला एक बुटका, न लोळणारा वाण. एफ-२ ला (संकरानंतरच्या दुसऱ्या पिढीत) ६०० रोपं, त्यातून बुटकी आणि वासाची ३४ निवडली. पुढे प्रत्येक रोपाची वेगळी ओळ ठेवली, पण ओळीच्या आत निवड केली नाही. ओळीतल्या सगळ्या रोपांचं बी एकत्र मळायचं आणि त्यातलंच पुढच्या वर्षी पेरायचं. आता एफ-४ रोपांवरचं धान्य हातात आहे, ओळीमागे २०० ग्रॅम. रानात उंची एकसारखी, वास प्रत्येक ओळीत.

अडचण शिजवल्यावर येते. निम्म्या ओळींचा भात एकजीव होतच नाही. गरम असतानाच काही शितं मऊ, काही टणक, आणि दुपारचा भात संध्याकाळी खायला घेतला की टणक शितं दाताला लागतात. अशा ९ ओळींचं अमायलोज (स्टार्चचा एक घटक, जास्त असला की भात टणक) तपासून घेतलं, सगळ्यांचं २१ ते २३ टक्के आलं. कागदावर तर हे मध्यम, म्हणजे हवं तसंच. मग चूक तपासणीत आहे की आमच्या जिभेत? आणि २०० ग्रॅममध्ये अजून काय काय बघता येईल?

अर्धा_दाणा

तपासणीही बरोबर आणि जीभही बरोबर. २२ टक्के ही सरासरी आहे, आणि त्या पिशवीत खुद्द २२ टक्क्यांचा दाणा फारसा सापडणार नाही.

तुम्ही ज्या दोन गुणांवर निवड केली ते दोन्ही अप्रभावी आहेत. बुटकेपणा देणारा एसडी-१ पहिल्या गुणसूत्रावर, आणि वासाचं बीएडीएच-२ आठव्या गुणसूत्रावर. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरच हे गुण दिसतात. दोन्ही एकत्र असलेलं रोप सोळात एक, म्हणजे ६०० मागे ३७-३८. तुम्हाला ३४ मिळाली, हिशेब जुळतो. असं रोप ज्या दिवशी सापडतं त्याच दिवशी हे दोन गुण पक्के होतात, पुढे कितीही मिसळलं तरी हलत नाहीत. म्हणून रान एकसारखं दिसतं आणि ओळ शुद्ध झाली असं वाटतं.

अमायलोज मुख्यतः ठरवतं सहाव्या गुणसूत्रावरचं वॅक्सी जीन. त्याच्यावर तुम्ही एफ-२ मध्ये बोटही ठेवलं नव्हतं. त्यामुळे ३४ पैकी साधारण १७ रोपांमध्ये एक प्रत आंबेमोहरची आणि एक बुटक्या वाणाची असणार. अशा रोपाची ओळ न निवडता पुढे नेली, तर एफ-४ रोपांवरच्या दाण्यांत १६ पैकी ७ पूर्ण एका बाजूचे, ७ पूर्ण दुसऱ्या बाजूचे आणि २ मिश्र निघतात. समजा मऊ दाणा १८ टक्क्यांचा आणि टणक २७ चा. १०० मिलिग्रॅम पिठात दोन्ही दळले गेले की यंत्र २२.५ दाखवणार. पातेल्यात मात्र ते दळलेले नसतात.

ध्यानात ठेवा, दाण्याचा खायचा भाग, म्हणजे भ्रूणपोष, पुढच्या पिढीचा असतो. एफ-४ रोपावरचा दाणा एफ-५ असतो. वर भ्रूणपोषात तीन संच असतात, दोन आईचे आणि एक परागाचा, त्यामुळे मिश्र दाण्यांतही दोन प्रकार होतात. एकाच लोंबीत दाण्यागणिक फरक पडतो तो यामुळेच.

तोडगा महाग नाही. मिश्र ओळीच्या पिशवीतलं बी एक-एक रोपानं लावा आणि प्रत्येक रोप वेगळं कापा, वेगळं मळा. त्या बियांपैकी १६ त ७ मऊ बाजूला पक्की आहेत, म्हणजे ८ रोपं लावली तरी एखादं मऊ पक्कं रोप मिळण्याची शक्यता ९९ टक्के. पण उत्पन्न आणि रोगही बघायचा असेल तर ८ वर थांबू नका, ओळीमागे २०-२५ घ्या. आणि यापुढे एकत्र मळणी बंद.

या संकरातून मऊ भात निघत नाही असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. इंद्रायणी याच घराण्यातली आहे, आंबेमोहर-१५७ × आयआर-८, वडगाव मावळच्या केंद्राची, १९८७ ची.

भातुकली

दाणा आडवा कापून वर आयोडीनचा थेंब टाकला तर लगेच कळतं ना? मऊचा तांबूस, टणकचा निळा. एवढं मोजमाप कशाला करायचं?

अर्धा_दाणा

ते चिकट, म्हणजे वॅक्सी तांदळाचं झालं. त्यात अमायलोज ० ते २ टक्के असतं म्हणून तांबूस रंग येतो. इथे १८ आणि २७ मध्ये निवडायचं आहे, आणि दोन्ही निळेच होणार. डोळ्यांनी गडद-फिकट ठरवायला गेलात तर दाण्याच्या पोटातल्या पांढऱ्या डागानं हमखास फसाल.

आयोडीन वापरायचंच असेल तर अर्ध्या दाण्याचं मोजमाप करा. तूस हातानं काढा आणि ब्लेडनं दाणा आडवा कापा. कोंबाकडचा अर्धा भाग पेरायला ठेवा. दुसरा अर्धा, साधारण ८ ते १० मिलिग्रॅमचा, वजन करून नळीतच चिरडा. त्यात ०.१ मिली ९५ टक्के अल्कोहोल, मग ०.९ मिली एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड घालून उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवा. गार करून पाण्यानं १० मिली करा. त्यातलं अर्धा मिली घ्या, त्यात ०.१ मिली एक नॉर्मल ॲसिटिक ॲसिड आणि ०.२ मिली आयोडीनचं द्रावण घालून पुन्हा १० मिली. २० मिनिटांनी ६२० नॅनोमीटरवर वाचन. आयोडीनचं द्रावण म्हणजे २ टक्के पोटॅशियम आयोडाइडमध्ये ०.२ टक्के आयोडीन.

दाणा पॉलिश केलेला नसल्यामुळे हा आकडा पुस्तकातल्या तक्त्याशी जुळवू नका. एका ओळीचे २० दाणे घ्या आणि वाचनं एका जागी गोळा होतात की दोन ठिकाणी, एवढंच बघा. दोन ठिकाणी पडली तर ओळ मिश्र. सोबत दोन्ही पालकांचे पाच-पाच दाणे लावायचेच, नाहीतर कुठलं टोक कुणाचं हे कळणार नाही. कोंबाकडच्या तुकड्यांना बुरशी पटकन धरते. सौम्य ब्लीचनं धुऊन मगच ओल्या कागदावर ठेवा.

काचनळी

अर्धा_दाणा यांचं निदान पटलं. फक्त सगळा भार अमायलोजवर टाकू नका. ओळ शुद्ध झाल्यावरही दोन ओळी २६-२६ टक्क्यांवर असतात आणि एकीचा भात संध्याकाळपर्यंत ठीक राहतो, दुसरीचा खडा होतो. यासाठी दोन तपासण्या आहेत आणि दोन्हींना मूठभर दाणेही लागत नाहीत.

पहिली अल्कलीची. पॉलिश केलेले ६ अखंड दाणे छोट्या झाकणाच्या डबीत एकमेकांना न लागता मांडायचे, वर १० मिली १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ३० अंशांवर २३ तास. डबी हलवायची नाही. दाणा जसाच्या तसा राहिला तर १ गुण, पूर्ण विरघळून पाण्यात मिसळला तर ७. ६-७ गुण म्हणजे स्टार्च ७० अंशांच्या आतच फुगायला लागतो, ४-५ म्हणजे ७० ते ७४ अंश, १-२ म्हणजे ७५ च्या पुढे. शेवटच्या गटातला भात शिजायला जास्त वेळ आणि जास्त पाणी मागतो. हे ठरवणारं स्टार्च सिंथेज टू-ए हे जीनही सहाव्या गुणसूत्रावरच आहे, वॅक्सीपासून सुमारे ५० लाख बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) अंतरावर. म्हणून ही दोन पुष्कळदा जोडीनं पुढे जातात, पण नेहमीच नाही.

डबीत ६ पैकी ३ दाणे पसरले आणि ३ तसेच राहिले तर यंत्राशिवाय कळलं की ओळ मिश्र आहे. मात्र एक मेख आहे. आयआर-८ चं अमायलोज जास्त असूनही त्याचा स्टार्च कमी तापमानाला फुगतो, तो दाणा अल्कलीत सहज विरघळतो. तुमच्या बुटक्या पालकानं तेच उचललं असेल आणि आंबेमोहरही विरघळत असेल, तर सगळ्या डब्या सारख्याच दिसतील आणि वॅक्सीबद्दल काहीच कळणार नाही. म्हणून पालकांच्या डब्या आधी लावा, ओळींच्या नंतर.

इथे चुका कुठे होतात तेही सांगतो. बाजारातले पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे खडे साधारण ८५ टक्के शुद्ध असतात. १.७ ग्रॅम तोलून १०० मिली केलं की द्रावण १.४५ टक्क्यांचंच होतं आणि सगळे दाणे चिवट दिसतात. २ ग्रॅम घ्या, किंवा टायट्रेशन करून पक्कं करा. बाटली उघडी राहिली तर खडे हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात. आणि पुण्यात डिसेंबर-जानेवारीत या डब्या रात्रभर टेबलावर ठेवू नका, खोली २० अंशांच्या खाली जाते. तेच दाणे मे महिन्यात दोन गुण वर चढलेले दिसतील आणि तुम्ही दोष वाणाला द्याल. इनक्युबेटर नसेल तर थर्मोकोलच्या खोक्यात दिवा आणि थर्मोस्टॅट लावूनही भागतं.

दुसरी जेलची. १०० मिलिग्रॅम पीठ, म्हणजे पाच-सहा दाणे, १०० मेशच्या चाळणीतून चाळलेलं. १३ × १०० मिलिमीटरच्या नळीत आधी ०.२ मिली ९५ टक्के अल्कोहोल, त्यात ०.०२५ टक्के थायमॉल ब्लू. अल्कोहोल आधीच घालायचं, त्यामुळे पिठाच्या गुठळ्या होत नाहीत. मग ०.२ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइड २ मिली, नीट ढवळून तोंडावर काचेची गोटी, ८ मिनिटं उकळत्या पाण्यात. ५ मिनिटं बाहेर, २० मिनिटं बर्फाच्या पाण्यात, मग नळी आलेख-कागदावर आडवी. तासाभरात जेल किती मिलिमीटर धावलं ते मोजा. २६ ते ४० टणक, ४१ ते ६० मध्यम, ६१ ते १०० मऊ. भरड पिठानं आकडा बिघडतो. उकळताना पीठ नळीच्या वर चढलं तर ती नळी फेकून द्या, तिच्यावर विश्वास नको.

२६-२७ टक्के अमायलोज असूनही जेल ७० मिलिमीटर धावलं तर ती ओळ टाकू नका. वॅक्सी जीनच्या दहाव्या एक्सॉनमधल्या (एक्सॉन म्हणजे जीनचा संदेशात टिकणारा तुकडा) एका अक्षराच्या बदलानं हा फरक पडतो आणि आयोडीनला तो दिसत नाही. आयोडीन अमायलोपेक्टिनच्या, म्हणजे स्टार्चच्या दुसऱ्या घटकाच्या, लांब साखळ्यांनाही धरतं, म्हणून त्या आकड्याला 'दृश्य अमायलोज' म्हणतात.

पवनाकाठ

दोघांचे आभार. एकत्र मळणी म्हणजे आमची वेळ वाचवण्याची युक्ती होती, तीच नडली.

आणखी एक विचारतो. करपा फार येतो, म्हणून यातल्या चांगल्या ओळींमध्ये पीआय-२ हे करपा रोखणारं जीन आणायचा विचार आहे. डीएनए मार्करची (जीन ओळखायच्या खुणेची) सोय होईल. मग वॅक्सीचा मार्करही सोबतच लावला तर हे अर्ध्या दाण्याचं काम वाचेल का?

सहावे_गुणसूत्र

वाचेल, पण आधी पालक बघा. वॅक्सीमध्ये तीन जागा तपासायच्या. पहिल्या इंट्रॉनच्या (संदेशातून गळणाऱ्या तुकड्याच्या) सुरुवातीला जी की टी? टी असेल तर संदेश नीट जोडला जात नाही आणि अमायलोज कमी राहतं. जपानी तांदळात हे सर्रास असतं. जी असेल तर सहाव्या एक्सॉनकडे वळा: तिथे ए म्हणजे जास्त अमायलोज, सी म्हणजे मध्यम. तिसरी जागा दहावा एक्सॉन, काचनळी यांनी सांगितलेली. तुमचे दोन्ही पालक पहिल्या जागी जी निघाले आणि तुम्ही फक्त त्याच जागेचा मार्कर चालवला, तर सगळी रोपं एकाच रंगाची दिसतील आणि पैसे वाया जातील. पहिल्या जागेसाठी अक्सी-१ एन्झाइमची कापणी स्वस्त पडते: जी कापला जातो, टी तसाच राहतो. आरएम-१९० हा सूक्ष्म-पुनरावृत्तीचा मार्कर खुद्द वॅक्सी जीनच्या आतच आहे. दोन्ही पालकांचे पट्टे वेगळे आले तर ओळींमागून धावायला तोच सर्वांत सोयीचा, कारण मिश्र रोपही त्यात ओळखू येतं.

आता पीआय-२. तेही सहाव्या गुणसूत्रावर, आणि स्टार्च सिंथेज टू-ए पासून ४० लाख बेससुद्धा लांब नाही. दाता, म्हणजे हे जीन देणारा पालक, म्हणून सी१०१ए५१ घेतला, तर करप्याच्या जीनसोबत दात्याचा फुगवण्याच्या तापमानाचा गुणही चोरपावलांनी आत येतो. मग करपा येत नाही, भात मात्र बदलतो, आणि खापर फुटतं पाण्यावर नाहीतर गिरणीवर. याला उपाय म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या बॅकक्रॉसमध्येच (आपल्या ओळीशी पुन्हा केलेल्या संकरात) या दोन जीनांच्या मधे गुणसूत्र तुटून नव्यानं जुळलेलं रोप शोधायचं. अंतर थोडं असल्यानं ५०-६० रोपांत फार तर दोन-चार सापडतील, म्हणून २०० रोपांची तयारी ठेवा. करप्याचं जीन आधी, मधला मार्कर त्यानंतर, आणि दात्याचा बाकीचा भाग सगळ्यात शेवटी बघा. ही कटकट नको असेल तर अकराव्या गुणसूत्रावरचं पीआय-५४ हे करप्याचंच दुसरं जीन घ्या. भाताच्या या दोन जीनांशी त्याचा संबंधच येत नाही. माझा कल पीआय-५४ कडेच आहे.

वासाबद्दल थोडं. नेहमीच्या चार प्रायमरांच्या पीसीआरमध्ये (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून बघायच्या तपासणीत) वासाच्या दाण्याचा पट्टा २५७ बेसचा, बिनवासाचा ३५५ चा, आणि मिश्र असेल तर दोन्ही. हा मार्कर सातव्या एक्सॉनमधली ८ अक्षरांची तूट पकडतो. वासाचे इतरही प्रकार आहेत, जसे दुसऱ्या एक्सॉनमधली ७ अक्षरांची तूट. त्यामुळे वासाच्या पालकाचा पट्टा ३५५ वर आला तर नमुना अदलाबदल झाला म्हणून लगेच ओरडू नका, आधी दुसरा प्रकार तपासा. तुमच्या ओळींमध्ये एखादं बिनवासाचं रोप दिसलं तर ते फुटून आलेलं नाही, बाहेरचं आहे: शेजारच्या खाचराचा पराग किंवा खळ्यावरची भेसळ. ते उपटा.

भरडाई

तांदूळ गिरणीतून कसा येतो यावरही अर्धा निकाल असतो, तेही ऐका. तापलेल्या सिमेंटच्या खळ्यावर भात वाळवला की दाण्याला आतून तडे जातात, आणि भरडताना कणी होते. कणी शिजताना पिठाळ पाणी सोडते आणि भात गुरगुट्या होतो. मग चाखणारे म्हणतात 'काय मऊ आहे!' वाण टणक असला तरी. चाखायला फक्त अखंड दाणे निवडा. ओल १३-१४ टक्क्यांवर आली की सावलीत आणा. कडक उन्हात वासही उडून जातो.

तांदळाचं वय सारखं ठेवा. कापणीनंतरच्या पहिल्या महिन्यातला नवा तांदूळ चिकट होतो, चार-पाच महिन्यांनी तोच मोकळा होतो आणि पाणी जास्त पितो. यंदाची ओळ आणि दुकानातली जुनी इंद्रायणी शेजारी ठेवून चाखलीत तर ती तुलना नाहीच. पॉलिशही सगळ्यांना सारखं हवं, तुकडी एकच आणि वेळही तीच. नत्राचा हप्ता पोटरीनंतर उशिरा दिला असेल तर दाण्यात प्रथिनं वाढतात आणि भात थोडा कडक लागतो. एका खाचराला युरिया आधी, दुसऱ्याला नंतर, असं झालं असेल तर त्या दोन ओळींची चव एकमेकांशी लावू नका.

शिजवायची पद्धत साधी ठेवा. एकसारख्या स्टीलच्या वाट्या, प्रत्येकीत २५ ग्रॅम तांदूळ, दोनदा धुऊन पूर्ण निथळायचा, ४५ मिली पाणी, २० मिनिटं भिजत, मग सगळ्या वाट्या एकाच मोठ्या भांड्यात झाकण ठेवून वाफेवर. कुकरच्या शिट्या नकोत, शिट्टीनं फरक पुसला जातो. वाट्यांवर तीन आकडी खुणा टाका, नावं नकोत. इंद्रायणीची एक वाटी दोन वेगळ्या खुणांनी ठेवा. चाखणाऱ्यानं एकाच तांदळाला दोन फार वेगळे गुण दिले तर त्याचा कागद बाजूला काढा. आणि वरण घालू नका! वरण-तुपाखाली वाईट भातही खपून जातो.

गार भाताचं: सहा तास झाकून ठेवलेली वाटी चाखा, मग ती पुन्हा वाफवा. वाफवल्यावर परत मऊ झाला तर तो कडकपणा अमायलोपेक्टिनचा, घरात चालून जातो. वाफवूनही टणकच राहिला तर अमायलोजचा, आणि ती ओळ ठेवण्यात अर्थ नाही.

भातुकली

आयोडीनचं कळलं, चूक मान्य. पवनाकाठ, वेळ वाचवायला उन्हाळी पीक घेणार असाल तर एक रोपाची वेगळी मळणी त्याच हंगामात उरकता येईल, पावसाळ्याची वाट बघायला नको.

काचनळी

मळणी उरका, मार्करही चालवा, पण उन्हाळी धान्याच्या चवीवर एकही ओळ टाकू नका किंवा ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये दाणा भरताना पुण्यात पारा ३८-४० वर जातो. अशा उन्हात दाण्याचं पोट पांढरं होतं आणि वास कमी होतो. पहिल्या इंट्रॉनमध्ये टी असलेल्या ओळींचं अमायलोज खरिपापेक्षा खाली येतं, जास्त अमायलोजच्या ओळींचं फारसं हलत नाही, म्हणजे दोघींमधला फरक उगाच मोठा दिसतो. आंबेमोहर ऑक्टोबरच्या गार रात्रींत भरतो. चव त्याच हंगामाच्या धान्याची घ्या, आणि उन्हाळ्यात फक्त पिढी पुढे ढकला.

पवनाकाठ

ठरलं. या आठवड्यात दोन्ही पालकांच्या अल्कलीच्या डब्या, खडे २ ग्रॅम तोलून. ३४ ओळींचे २०-२० दाणे त्यानंतर. रोपं जूनमध्ये एक-एक लावतो, पीआय-५४ चा दाता शोधायला सुरुवात करतो.